शिक्षकांच्या पगाराचा सौदा

आमच्या दुकानाच्या उधारीच्या वहीत शिक्षकांची नावे बरीच आहेत. त्यांचा पगार कोण व कसा ठरवितो, हे व्यापाऱ्यांनी समजून घेणे फायद्याचे आहे. आपल्याकडे वेतन आयोग शिफारस करतो आणि फैसला सरकार देते. सातवा आयोग राज्य कर्मचाऱ्यांना १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, पण वाढीव पगार जानेवारी २०१९ पासूनचा मिळाला. मधल्या तीन वर्षांची थकबाकी राहिली. दुसरा मार्ग आहे काय? त्यासाठी ब्रिटनचा दाखला पाहू.

इंग्लंड-वेल्समध्ये १९१९ साली बर्नहॅम समिती नेमली गेली. शाळा चालविणाऱ्या स्थानिक संस्था आणि शिक्षक संघटना समोरासमोर बसून दर ठरवीत. आमच्या पेठेत सौदा होतो, त्यातलाच हा प्रकार. १९८० नंतरच्या दशकात मोठा तंटा झाला आणि १९८७ च्या कायद्याने थॅचर सरकारने ही समितीच मोडीत काढली. १९९१ च्या कायद्याने पुनर्विलोकन मंडळ आले. दोन्ही पक्ष त्यापुढे आपले म्हणणे मांडतात, मंडळ आकडा सुचविते, मंत्री तो स्वीकारतात किंवा नाकारतात. म्हणजे सौदा गेला, अर्ज राहिला.

स्कॉटलंडने मात्र बोलणी सोडली नाहीत. तेथे २००१ पासून संघटना, स्थानिक संस्था व सरकार अशी त्रिपक्षीय समिती आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनची महागाई ११.१ टक्क्यांवर गेली आणि दोन्हीकडे संप झाले. स्कॉटलंडमध्ये मार्च २०२३ मध्ये तडजोड झाली : एप्रिल २०२२ पासून ७ टक्के, एप्रिल २०२३ पासून ५.५ व जानेवारी २०२४ पासून २ टक्के. इंग्लंडमध्ये सरकारने त्याच मार्चमध्ये पुढील वर्षासाठी सरासरी ४.५ टक्के देऊ केले, ते शिक्षकांनी नाकारले. मंडळाने ६.५ टक्के सुचविले, जुलैत सरकारने मानले, तेव्हा संप मिटला.

यावरून आम्हांला इतके दिसते की, बोलणीची जागा असली म्हणून संप टळतोच असे नाही. पण ती जागा काढून घेतली म्हणून घासाघीस थांबत नाही, ती रस्त्यावर येते. स्कॉटलंडच्या शिक्षकाला निदान आपल्या माणसांनी केलेला करार मिळाला. आपल्या व्यापारी बंधूंनीही ध्यानात ठेवावे : वाढ जाहीर झाली म्हणून उधारी वाढवू नये, पैसा हाती केव्हा येणार ते आधी विचारावे.