तिबिलिसीहून येरेव्हानला गाडी करून जाताय? आधी सदाख्लोच्या सीमेवर काय होतं ते वाचा

जॉर्जियाच्या रील्स तुमच्याही फीडमध्ये येऊन गेल्या असतील. डोंगरावरचं ते एकटं चर्च, होडीच्या आकाराची चीजवाली खाचापुरी आणि मागे तेच ते गाणं. आता त्यात एक नवा प्रकार आलाय. "एका ट्रिपमध्ये दोन देश!" म्हणजे जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीत उतरायचं, ड्रायव्हरसकट गाडी करायची आणि दरीतल्या रस्त्याने संध्याकाळपर्यंत आर्मेनियाच्या राजधानीत, येरेव्हानला पोहोचायचं.

रीलमध्ये हे सगळं ३० सेकंदांत होतं. प्रत्यक्षात अंतर साधारण पावणेतीनशे किलोमीटर आहे. न थांबता गेलात तर पाच-सहा तास, थांबत गेलात तर पूर्ण दिवस. आणि मध्ये आहे एक सीमा. जॉर्जियाच्या बाजूला तिचं नाव सदाख्लो, आर्मेनियाच्या बाजूला बाग्रताशेन.

हे सदाख्लो नाव ऐकल्यासारखं वाटतंय ना? सप्टेंबर २०२५ मध्ये एका भारतीय महिलेची इन्स्टाग्राम पोस्ट व्हायरल झाली होती. आर्मेनियातून जॉर्जियात येताना ५६ भारतीयांच्या गटाला याच सीमेवर पाच तासांहून जास्त वेळ थंडीत थांबवून ठेवलं, खाणंपिणं नाही, टॉयलेट नाही, पासपोर्ट काढून घेतले, असा तिचा आरोप होता. व्हिसा आणि कागदपत्रं असूनही हे झालं, असं तिचं म्हणणं. आता ही झाली एका प्रवाशाने सांगितलेली हकीकत. रोज कितीतरी भारतीय काहीही त्रास न होता हीच सीमा ओलांडतात. पण त्या पोस्टनंतर "गाडी कुणाची करायची?" या प्रश्नाच्या आधी "आपल्याला आत घेतील का?" हा प्रश्न येऊन बसला.

मुळात सगळे याच रस्त्याने का जातात?

नकाशा उघडून बघा. आर्मेनियाला चार शेजारी आहेत. पश्चिमेला तुर्कस्तान, त्याने १९९३ मध्ये सीमा बंद केली. पूर्वेला अझरबैजान, नागोर्नो-काराबाखच्या संघर्षामुळे तीही सीमा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून बंद. उरले दोन, दक्षिणेला इराण आणि उत्तरेला जॉर्जिया. त्यामुळे सामान्य पर्यटकासाठी जमिनीवरून आर्मेनियात जायचं म्हणजे जॉर्जियातूनच जायचं. "बाकू, तिबिलिसी, येरेव्हान, एकच गोल चक्कर" असं पॅकेज कुणी गाडीने करून देतो म्हणाला, तर त्याला बाकूहून निघायचा रस्ता विचारा. अझरबैजानने २०२० मध्ये कोविडच्या वेळी जमिनीवरच्या सीमा प्रवाशांसाठी बंद केल्या आणि साथ संपल्यावरही त्या तशाच बंद ठेवल्या.

तिबिलिसी-येरेव्हानसाठी रात्रीची रेल्वे आहे. मार्शरुत्का आहे, म्हणजे आपल्याकडच्या वडापसारखी शेअर व्हॅन. ती स्वस्त पडते, पण मध्ये थांबत नाही, आणि या रस्त्याची सगळी मजा थांबण्यात आहे. म्हणून लोक ड्रायव्हर करतात.

भाडं कसं ठरतं?

गोट्रिपसारख्या वेबसाइट्सवर निघायचं ठिकाण, पोहोचायचं ठिकाण आणि मधले थांबे टाकले की गाड्यांची यादी येते. गाडीचे फोटो, ड्रायव्हरला कोणत्या भाषा येतात, आधीच्या प्रवाशांनी काय लिहिलंय, सगळं दिसतं. दर माणशी नसतो, अख्ख्या गाडीचा असतो. त्यामुळे दोघांना महाग वाटणारी गाडी चौघांत परवडते. पैसे बहुतेक वेळा प्रवास संपल्यावर रोख द्यायचे असतात. हॉटेलवालेही गाडी जमवून देतात, फक्त मग "वाटेत कुठे कुठे थांबणार" हे व्हॉट्सॲपवर लिहून घेतलेलं बरं.

भाडं ऐकून दचकायला होतं, पण त्याचं गणित पुणे-मुंबईच्या वन-वे टॅक्सीसारखंच आहे. जॉर्जियाचा ड्रायव्हर तुम्हाला येरेव्हानला सोडून बहुधा रिकामाच परत येणार. म्हणजे रिटर्न भाडं, सीमेवरचा खोळंबा, परदेशी गाडीला आर्मेनियात लागणारा विमा, हे सगळं त्याच आकड्यात असतं. म्हणून विचारताना "टोटल किती?" एवढंच विचारू नका. विमा, पार्किंग आणि सीमेवर लागणारा वेळ त्यात धरलाय का, हेही विचारा. बोल्ट किंवा यांडेक्स ही ॲप्स शहरात फिरायला उत्तम, पण त्यांच्या भरवशावर सीमा ओलांडायला निघू नका.

स्वस्तातला एक मार्गही आहे. तिबिलिसीहून सीमेपर्यंत एक गाडी, पायी सीमा ओलांडायची आणि पलीकडे दुसरी टॅक्सी. बॅग एकच असेल आणि घासाघीस करायची हौस असेल तर जमतं. आई-बाबा आणि चार सुटकेस सोबत असतील तर नका करू.

गाडी निवडताना अजून एक गोष्ट. जॉर्जियात वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, पण जपानहून आणलेल्या, स्टीअरिंग उजवीकडे असलेल्या गाड्या तिथे भरपूर आहेत. आपल्याला ती सीट घरच्यासारखी वाटते. पण दरीच्या वळणावर ट्रकला ओव्हरटेक करताना त्या ड्रायव्हरला समोरचं उशिरा दिसतं. फोटोत स्टीअरिंग कुठे आहे ते बघून घ्या.

सीमेवर नेमकं काय होतं?

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. लोकांना वाटतं, आपण गाडीत बसून राहणार आणि ड्रायव्हर पासपोर्ट घेऊन सगळं करून आणणार. तसं नसतं. प्रवाशांनी गाडीतून उतरायचं, पासपोर्ट घेऊन इमारतीत रांगेत लागायचं. ड्रायव्हर गाडी घेऊन वाहनांच्या रांगेत जातो. जॉर्जियाचा बाहेर पडल्याचा शिक्का आणि आर्मेनियाचा आत आल्याचा शिक्का, दोन्ही ठिकाणी तुम्ही एकटे असता आणि गाडी पलीकडे भेटते. म्हणजे सगळ्यात नाजूक क्षणी तुमचा दुभाषी तुमच्याजवळ नसतो.

म्हणून उतरण्याआधी ड्रायव्हरचा फोन नंबर आणि गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो मोबाइलमध्ये हवा. पासपोर्ट, पैसे आणि औषधं गाडीत ठेवून उतरू नका. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, विमा, व्हिसा हे सगळं छापील ठेवा, कारण जॉर्जियाचं सिम पलीकडे नेटवर्क पकडेलच असं नाही.

ड्रायव्हरचीही कागदपत्रं असतात. गाडी त्याच्या नावावर नसेल तर मालकाचं अधिकारपत्र लागतं. ते नसेल तर तुम्ही पलीकडे आणि गाडी अलीकडे! बुकिंग करतानाच "गाडी तुमचीच आहे का, या सीमेवरून आधी गेलाय का?" असं विचारायला लाजू नका.

औषधांचं वेगळं सांगायला हवं. जॉर्जियाचे अमली पदार्थांचे कायदे फार कडक आहेत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉलची वेदनाशामक गोळी आपल्याकडे घरात सहज सापडते. तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती बॅगेत सापडली तर प्रकरण गंभीर होऊ शकतं.

व्हिसाचा खरा घोळ

जॉर्जिया आणि आर्मेनिया हे दोन स्वतंत्र देश आहेत, त्यांचे व्हिसाही वेगळे. शेंगेनसारखा प्रकार इथे नाही. भारतीयांना दोन्हीकडे ई-व्हिसासाठी अर्ज करता येतो. आर्मेनियाचा ई-व्हिसा २१ दिवसांचा किंवा १२० दिवसांचा असतो. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांसाठी जॉर्जियात वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेशाची तरतूद आहे. पण तोच कागद आर्मेनियात तसाच चालेल असं धरून चालू नका. ग्रुपमधल्या एकाकडे अमेरिकेचा व्हिसा आणि दुसऱ्याकडे फक्त भारतीय पासपोर्ट असेल, तर दोघांचे नियम वेगळे. प्रत्येकाचं वेगळं तपासा, तेही दोन्ही देशांच्या सरकारी साइटवर. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून जॉर्जियात येणाऱ्या पर्यटकांना आरोग्य आणि अपघात विमा सक्तीचा झालाय, किमान ३०,००० लारींचा.

आता नीट लक्ष द्या. समजा तुम्ही तिबिलिसीत उतरलात, दोन दिवसांसाठी येरेव्हानला गेलात आणि परतीचं विमान पुन्हा तिबिलिसीहून आहे. म्हणजे तुम्ही जॉर्जियात दोनदा शिरणार. व्हिसा सिंगल एन्ट्रीचा असेल, तर तो येरेव्हानला निघतानाच संपला. आणि मल्टिपल असला, तरी दुसऱ्यांदा आत घ्यायचं की नाही हे सदाख्लोच्या खिडकीत बसलेला अधिकारीच ठरवणार. तिथे नकार आला तर विमान, हॉटेल, गाडीचं भाडं, सगळंच अडकतं.

यावर सगळ्यात साधा उपाय म्हणजे तिबिलिसीत उतरायचं आणि येरेव्हानहून उडायचं. आखाती शहरांमार्गे मुंबईला यायला येरेव्हानहून विमानं मिळतात. तिकीट थोडं महाग पडेल, पण जमिनीवरची सीमा एकदाच आणि तीही जॉर्जियातून बाहेर पडताना ओलांडायची. ग्रुपमधल्या एकालाच अडवलं तर ड्रायव्हर किती वेळ थांबेल आणि अर्ध्या वाटेचे किती पैसे घेईल, हेही आधीच ठरवा. विचारायला विचित्र वाटतं, पण ड्रायव्हर लोकांना हा प्रश्न नवा नाही.

आणि मग दरी सुरू होते

सीमा ओलांडली की रस्ता देबेद नदीच्या दरीत शिरतो. खाली नदी, दोन्ही बाजूंना उभे कडे आणि कड्यांच्या वर पठारावर गावं. रस्त्यावरून ही गावं दिसतही नाहीत, म्हणूनच वर नेणारा ड्रायव्हर हवा. अलावेर्दी हे तांब्याच्या कारखान्याचं जुनं गाव लागतं. त्याच्या आसपास हाग्पात आणि सनाहिन हे दहाव्या शतकातले दोन मठ आहेत. हाग्पात १९९६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, २००० मध्ये सनाहिनही त्यात जोडला गेला. सनाहिन या नावाचा अर्थ "त्याच्यापेक्षा जुना" असा सांगतात. शेजाऱ्याला टोमणा मारायची ही पद्धत भारी आहे.

सनाहिनमध्ये मराठी माणसाने थांबावं असं आणखी एक ठिकाण आहे. मिग विमानातल्या 'मि'चा मालक, आर्तेम मिकोयान, याच गावात १९०५ मध्ये जन्मला. गावात मिकोयान भावंडांचं संग्रहालय आहे आणि बाहेर चक्क एक मिग-२१ उभं आहे. हेच विमान एचएएलने नाशिकजवळच्या ओझरला बनवलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ते भारतीय हवाई दलातून निवृत्त झालं. ओझरच्या एखाद्या निवृत्त कामगाराच्या नातवाने तिथे फोटो काढला, तर तो फॅमिली ग्रुपवर नक्की चालेल.

पुढे वानाडझोरहून दोन रस्ते फुटतात. सरळ रस्ता स्पिताकवरून जातो. ७ डिसेंबर १९८८ च्या भूकंपात हे गाव उद्ध्वस्त झालं होतं, त्या भूकंपात सुमारे २५,००० माणसं गेली. दुसरा रस्ता दिलिजानच्या जंगलातून सेवान सरोवराकडे जातो. सेवान समुद्रसपाटीपासून साधारण १,९०० मीटर उंचीवर आहे. हा रस्ता लांबचा आहे, पण संध्याकाळचं ऊन त्या पाण्यावर पडलेलं बघायचं असेल तर ड्रायव्हरला बुकिंगच्या वेळीच "सेवानमार्गे" सांगा. वाटेत सांगितलंत तर तो भाडं वाढवणार, आणि त्यात त्याचं चूक नाही.

निघायचं मात्र सकाळी आठलाच. हिवाळ्यात लवकर अंधारतं आणि सीमेवर किती वेळ जाईल हे कुणीच सांगू शकत नाही. भाडं लारीत ठरलंय की डॉलरमध्ये ते पक्कं करून तेवढी रक्कम वेगळ्या पाकिटात ठेवा. येरेव्हानला चलन बदलतं, तिथे ड्राम चालतात, आणि रात्री नऊ वाजता हॉटेलच्या दारात उभं राहून तीन चलनांचा हिशोब करायला कुणालाच आवडत नाही.