एकशे ब्याण्णव गुणिले चार

१९९५ साली सांगोल्यात गणपतराव देशमुख १९२ मतांनी पडले. २०१९ साली तिथेच त्यांचा नातू ७६८ मतांनी पडला. आता १९२ला चारने गुणून बघा. बरोबर ७६८! दोन्ही वेळा पाडणारा गडीही एकच, शहाजीबापू पाटील. राज्यातल्या सगळ्यात भक्कम बालेकिल्ल्याला बापूंनी दोनदा खिंडार पाडलं आणि दोन्ही विजयांचं मताधिक्य एकत्र केलं तरी भरतात नऊशे साठ. आपल्याकडे बऱ्यापैकी लग्नात याहून जास्त माणसं जेवून उठतात.

हमखास जागांचा निकालपट वाचायला तसा रटाळ असतो. पाच वर्षांनी तेच नाव, पुढच्या पाच वर्षांनी पुन्हा तेच. खरी गंमत असते ती मधल्या एक-दोन ओळींत, जिथे नाव अचानक बदलतं. म्हणून सांगोल्याचा पट जरा सावकाश बघू, बाकीच्यांकडे जाता जाता डोकावू.

अकरा गुलाल

सांगोला, विधानसभा मतदारसंघ क्रमांक २५३, जिल्हा सोलापूर. माणदेशाचा कोरडा मुलूख, डाळिंबासाठी प्रसिद्ध. १९६२ साली संयुक्त महाराष्ट्राच्या पहिल्याच विधानसभा निवडणुकीत इथून शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख निवडून आले. त्या वर्षी काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या होत्या. सांगोल्याने मात्र लाल बावटा धरला.

मग हा सिलसिला सुरू झाला: १९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. मोजा, अकरा भरतात. अकराही वेळा मतदारसंघ तोच आणि पक्षही तोच. महाराष्ट्रात सध्या एका माणसाचे पक्ष मोजायला दोन हातांची बोटं लागतात, त्यामुळे या यादीतला सगळ्यात नवलाचा भाग मला आकड्यांपेक्षा पक्षाचा वाटतो.

यादीतलं १९७४ डोळ्यांत खुपतं ना? त्या साली तर राज्यात सार्वत्रिक निवडणूक नव्हतीच. १९७२च्या काँग्रेसच्या लाटेत, म्हणजे २७० पैकी २२२ जागा काँग्रेसकडे गेल्या तेव्हा, सांगोलाही वाहून गेलं. काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील जिंकले. पण दोनच वर्षांत पोटनिवडणूक लागली आणि गणपतराव परत सभागृहात हजर. म्हणजे पहिल्या पराभवाची शिक्षा पाच वर्षांची नाही, जेमतेम दोन वर्षांची.

आणखी एक हिशेब. गणपतराव पहिल्यांदा विधानसभेत पोहोचले तेव्हा मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. शेवटची मुदत संपली तेव्हा देवेंद्र फडणवीस. फडणवीसांचा जन्म १९७०चा. ते जन्मले तेव्हा गणपतरावांची आमदारकीची दुसरी टर्म चालू होती.

एवढ्या काळात मंत्रिपद मिळालं ते दोनदाच. १९७८ला शरद पवारांच्या पुलोद सरकारात आणि १९९९ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. बाकी सगळा काळ विरोधी बाकांवर. ‘सत्तेतला आमदार नसला की तालुक्यात कामं होत नाहीत’ हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत कोणी ना कोणी फेकतंच. सांगोल्यातही फेकलं गेलं असणार; लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. पाण्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदा, तालुक्यात सहकारी सूतगिरणी आणि स्वतःचा प्रवास एसटीने, असा आबासाहेबांचा, म्हणजे गणपतरावांचा, खाक्या. आमदाराच्या गाडीमागे चार गाड्या नसल्या तर लोकांना चुकल्यासारखं वाटण्याचे हे दिवस. तेव्हा एसटीत बसलेला आमदार ही गोष्ट आता सांगितली तर नव्या पिढीला ती थाप वाटेल.

वारा पूर्वेला, सांगोला पश्चिमेला

१९९५ची निवडणूक आठवा. राज्यभर काँग्रेसविरोधी वारं, शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. आणि सांगोल्याने नेमका त्याच वर्षी काँग्रेसचा आमदार निवडला! तेव्हाचे काँग्रेसवाले, तरुण शहाजीबापू. मताधिक्य तेच, १९२. सगळं राज्य काँग्रेसला घरी बसवत असताना काँग्रेसला इथे घबाड लागलं.

पुढे १९९९ला आबासाहेब परत आले आणि सलग चार वेळा राहिले. २००९ला लोकसभेसाठी शरद पवार माढ्यातून उभे राहिले, तेव्हा सांगोला त्याच मतदारसंघात होतं. म्हणजे खासदार देशाचे कृषिमंत्री आणि आमदार लाल बावट्याचा, दोन्ही एकाच वर्षी. २०१४ला मोदी लाटेत गणपतराव नव्वदीच्या उंबरठ्यावर उभे होते. समोर पुन्हा बापू, या खेपेला शिवसेनेकडून. बापू पडले, तेही मोठ्या फरकाने.

२०१९ला आबासाहेबांनी थांबायचं ठरवलं. शेकापने नातू डॉ. अनिकेत देशमुखांना उभं केलं. बापूंचा चोवीस वर्षांचा उपास सुटला, ७६८ मतांनी. पण महाराष्ट्राला बापू कळले ते त्यानंतर तीन वर्षांनी. जून २०२२मध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार गुवाहाटीत मुक्कामाला असताना एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलताना बापूंनी तिथली झाडी, डोंगार आणि हाटील यांची जी तारीफ केली, ती मोबाइलवरून घरोघरी पोहोचली. राज्यात सत्तांतर होत होतं, आणि लोकांच्या तोंडी मात्र ‘एकदम ओक्के’! माणदेशी बोलीची एवढी फुकट जाहिरात त्याआधी क्वचितच झाली असेल.

२०२४ला तिरंगी सामना. धनुष्यबाणावर शहाजीबापू, मशालीवर दीपकआबा साळुंखे, आणि शेकापकडून गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख. शेकाप आणि ठाकरेंची शिवसेना खरं तर एकाच आघाडीतले, पण सांगोल्याची जागा कोणीच सोडली नाही. एका घड्याळात तीन काटे. आबासाहेबांचा वारसा, बापू आणि आबा अशी लढत; नात्याच्या नावांवरून एखाद्या परक्याला वाटावं, घरातलीच वाटणी चाललीय.

निकाल लागला. महायुतीने सव्वादोनशेंहून अधिक जागा घेतल्या, आणि सांगोल्याने महायुतीचा आमदार पाडला. बाबासाहेब पंचवीस हजारांच्या फरकाने आले. अख्ख्या विधानसभेत शेकापचा तो एकमेव आमदार. एके काळी राज्यात प्रमुख विरोधी असलेला पक्ष आता सभागृहात एका खुर्चीवर मावतो, आणि ती खुर्ची सांगोल्याची आहे.

माणूस तोच, पाटी वेगळी

बारामतीचा पट वाचायचा तर उलट्या नियमाने. इथे पक्षाच्या नावाची पाटी बदलत गेली, आडनाव बदललं नाही. १९६७ला शरद पवार पहिल्यांदा आमदार झाले तेव्हा त्यांना सत्ताविसावं वर्ष चालू होतं. १९९० पर्यंत ते सहा वेळा तिथून निवडून आले, आणि दरम्यान काँग्रेसची शकलं, जोड, पुन्हा शकलं असं सगळं होऊन गेलं. १९९१ला अजित पवार आधी लोकसभेत गेले, ती जागा काकांसाठी मोकळी केली आणि स्वतः विधानसभेत आले.

२०१९ला त्यांचं मताधिक्य होतं १,६५,२६५. समोरच्या गोपीचंद पडळकरांचं डिपॉझिट जप्त. (वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत की अनामत रक्कम सरकारजमा होते. हमखास जागेवर उभं राहणाऱ्याने ही रक्कम खर्चाच्या खात्यात आधीच लिहून ठेवलेली बरी.)

पण बारामतीचा खरा चमत्कार २०२४चा. उन्हाळ्यात लोकसभेला बारामती विधानसभा क्षेत्राने सुप्रिया सुळेंना सुनेत्रा पवारांवर अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास आघाडी दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच मतदारांनी अजित पवारांना पुतण्या युगेंद्र पवारांवर एक लाखाहून अधिक मतांनी निवडून दिलं. दिल्लीला ताई, मुंबईला दादा. दोन्ही वेळा मत पवारांनाच पडलं, एवढं मात्र कुठल्याही तज्ज्ञाला छातीठोक सांगता आलं असतं.

दुसरा नंबर: कुणीच नाही

२०१९ला लातूर ग्रामीणमध्ये काँग्रेसचे धीरज देशमुख दणदणीत जिंकले. दुसऱ्या नंबरावर कोण? नोटा! तब्बल २७,५०० मतं. युतीचा उमेदवार त्याच्याही खाली. पलूस-कडेगावातही तेच. तिथे विश्वजीत कदम दीड लाखाहून अधिक फरकाने आले आणि उपविजेतेपद नोटाने पटकावलं. २०१३ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हे बटण यंत्रावर आलं तेव्हा त्याला एवढी लोकप्रियता लाभेल असं कोणाला वाटलं नसेल. नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी आमदार मात्र माणूसच होतो, हे जाता जाता.

गंमत पुढे आहे. एवढ्या निर्धास्त जागेवर २०२४ला धीरज देशमुख भाजपच्या रमेश कराडांकडून पडले, साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी.

हू इज?

पुण्यातला कसबा पेठ. १९९५ पासून भाजपचा. गिरीश बापट सलग पाच वेळा, मग २०१९ला मुक्ता टिळक. त्यांच्या निधनानंतर २०२३च्या फेब्रुवारीत पोटनिवडणूक झाली. प्रचारात चंद्रकांत पाटील विचारून गेले, ‘हू इज धंगेकर?’ उत्तर मतपेटीतून आलं: काँग्रेसचे रवींद्र धंगेकर, विजयी, अकरा हजारांच्या आसपास. पेठांमध्ये तो प्रश्न पुढे कित्येक दिवस उत्तरासह फिरत होता.

उत्तराचं आयुष्य मात्र पावणेदोन वर्षं. नोव्हेंबर २०२४ला त्यांनी ज्यांना पाडलं होतं त्याच हेमंत रासनेंनी त्यांना एकोणीस हजारांहून अधिक मतांनी पाडलं. २०२५ला धंगेकर शिंदेंच्या शिवसेनेत गेले.

कोट्टायमचे दोन शेजारी

बालेकिल्ल्यांचा खरा कारखाना केरळात आहे. कोट्टायम जिल्ह्यात दोन शेजारी मतदारसंघ. पुथुपल्लीने ओमन चांडींना १९७० पासून सलग बारा वेळा निवडलं. पालाने के. एम. मणींना तेरा वेळा. यातला मणींचा १९६५चा पहिला विजय अजब आहे. निवडून आलेली ती विधानसभा कोणालाच बहुमत नसल्याने भरलीच नाही. आमदार झाले, पण आमदारकी करायला सभागृहच नाही!

२०१९ला मणी गेले आणि पोटनिवडणुकीत पाला पहिल्यांदा हातचं गेलं. कोणाकडे? शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडे! मल्याळी चित्रपटांतले कलावंत मणी सी. कप्पन आधी तीनदा थोरल्या मणींकडून हरले होते. ते घड्याळावर २,९४३ मतांनी आले. पुण्या-मुंबईत जे चिन्ह बघून लोकांच्या भुवया उंचावतात, त्याने मीनचिल नदीकाठी चोपन्न वर्षांचं संस्थान खालसा केलं.

२०२१ला आणखी मजा. मणींचे चिरंजीव जोस के. मणी डाव्या आघाडीत गेले, कप्पन डावी आघाडी सोडून काँग्रेसच्या आघाडीत आले. खेळाडू तेच, मैदान तेच, जर्सी मात्र अदलाबदल. जिंकले पुन्हा कप्पनच, पंधरा हजारांहून अधिक फरकाने. पुथुपल्लीत मात्र २०२३ला वडील ओमन चांडींच्या निधनानंतर चांडी ओमन ३७,७१९ मतांनी आले. थोरल्यांच्या शेवटच्या निवडणुकीतलं मताधिक्य नऊ हजारांच्या आसपास होतं.

गोव्याची तऱ्हा

गोव्यात प्रतापसिंह राणे १९७२ ते २०२२ अशी पन्नास वर्षं विधानसभेत होते, पराभव एकही नाही. २०२२ला काँग्रेसने पर्येतून त्यांचं नाव जाहीर केलं, भाजपने त्यांच्याच सूनबाई दिव्या राणे यांना तिकीट दिलं. सासरे थांबले, सूनबाई चौदा हजारांच्या आसपास मतांनी आल्या. किल्ला घरातच राहिला, झेंडा तेवढा बदलला.

पणजी मनोहर पर्रीकरांची, १९९४ पासून भाजपची. पर्रीकरांच्या निधनानंतर २०१९च्या मे महिन्यात पोटनिवडणुकीचा निकाल लागला आणि पंचवीस वर्षांनी भाजपने पणजी गमावली. काँग्रेसचे बाबुश मोन्सेरात जिंकले. वर्तमानपत्रांनी ऐतिहासिक वगैरे मथळे दिले. जुलैत काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले. त्यांत मोन्सेरातही होते. पन्नासेक दिवसांत पणजी परत भाजपकडे, आणि एकाही मतदाराला पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं नाही.