पाचवीपासून पंढरीपर्यंत

आमच्या भागातील कोणत्याही हिंदू कुटुंबात वर्षभरात ज्या देवतांची पूजा होते, त्या मोजू गेल्यास दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत. ख्रिस्ती विद्यार्थ्यांना, आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळ हिंदू विद्यार्थ्यांनाही, असा प्रश्न पडतो की, एवढे देव कशासाठी? वर्गात हा प्रश्न वारंवार निघतो. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

ह्यास विद्वानांकडून मिळणारे पहिले उत्तर तीन देवांचे असते. ब्रह्मदेव उत्पन्न करितो, विष्णू पाळितो, महादेव लयास नेतो. आणि आपल्यापासून जवळच, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडीस ज्या दत्तात्रेयाच्या पादुका पूजिल्या जातात, त्याच्या त्रिमुखी रूपात हे तिघे एकवटले आहेत. उत्तर सुबक आहे, परंतु ते विश्वाविषयी आहे. घरातल्या बाळाविषयी व आजीविषयी नव्हे. दुसरे उत्तर ब्रह्मचर्य, गार्हस्थ्य, वानप्रस्थ व संन्यास ह्या चार आश्रमांचे. ह्यात आयुष्याचे टप्पे पाडले आहेत खरे; पण शास्त्रकारांची ही मांडणी मुंजीपासून सुरू होते व ती त्रैवर्णिक पुरुषांपुरतीच आहे. तान्हे मूल तीत नाही, मुलगी नाही, शेतात राबणारी कुणब्याची बायको नाही.

आम्हांस वाटते, खरे उत्तर ग्रंथात शोधण्यापेक्षा घराच्या उंबऱ्याआत शोधावे. मनुष्याच्या एकेका वयावर एकेक देवता पहारा करावयास नेमलेली आढळते, आणि ही नेमणूक पंडितांनी नव्हे, तर बहुतांशी घरातील बायकांनी केलेली आहे. अशा देवतेस आपण 'प्रतीक' म्हणू लागलो, तरी एक सावधगिरी बाळगावी. ज्या आईने रात्रभर समई जागती ठेविली, तिच्या लेखी ती देवता प्रतीक नसते. प्रतीक हा शब्द आम्हां लांबून पाहणाऱ्यांचा आहे.

आरंभ होतो तो सटवाईपासून. मूल जन्मल्यावर पाचव्या किंवा सहाव्या रात्री पाटा-वरवंटा मांडून तिची पूजा करितात. जवळ कोरा कागद व लेखणी ठेवितात. कोणी ना कोणी जागे राहते. ती त्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते अशी समजूत आहे. तिचे संस्कृत नाव षष्ठी. लोकांच्या तोंडी तिची सटवी झाली. 'दारिद्र्य त्याच्या पाचवीलाच पूजले आहे' असे आपण सहज बोलून जातो, ती पाचवी हीच.

परंतु पाचवी-सहावीच रात्र का? दहावी किंवा विसावी का नाही? पूर्वी खेड्यांतून बाळाची नाळ विळ्याने, नाहीतर हाती येईल त्या पात्याने कापीत आणि तीवर राख किंवा शेण लावीत. अशा नाळेवाटे शरीरात धनुर्वाताचे विष भिनते, व त्याची लक्षणे बहुधा जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या आत दिसतात. बाळ दूध ओढीनासे होते, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखे ताठते. पिढ्यानपिढ्या आयांनी हे डोळ्यांनी पाहिले. कारण त्यांस ठाऊक नव्हते, पण वार बरोबर ठाऊक होता. जेथे भीती सर्वांत दाट, तेथेच त्यांनी देवता बसविली असावी, असा आमचा तर्क आहे. आईस धनुर्वाताची लस व बाळंतपणात स्वच्छ पाते, एवढ्या दोन साध्या उपायांनी हा रोग इतका हटला की, २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात बालके ह्यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. सटवाईचा कोरा कागद पुष्कळ घरांत आजही ठेविला जातो. त्यास आमची हरकत नाही. मात्र परीक्षेत नापास झालेल्या मुलाने कपाळीच्या लिखाणाकडे बोट दाखविले, तर त्याची वही आम्ही प्रथम तपासू!

बाराव्या दिवशी पाळण्यात नाव ठेविले की बाळकृष्णाचे राज्य सुरू होते. लोणी चोरणारा, मडकी फोडणारा देव दुसऱ्या कोठे असेल तर आम्हांस माहीत नाही. लहान मुलाच्या खोड्यांस एवढी मोठी क्षमा कोणी दिली नसेल. पुढे गणपती व शारदा. आरंभ करणे ह्यास आपण 'श्रीगणेशा' म्हणतो, 'ओनामा'ही म्हणतो, आणि ह्या दुसऱ्या शब्दात 'ॐ नमः सिद्धम्' हे सिद्धांस केलेले नमन दडले आहे. दसऱ्यास पाटीवर एकाचे आकडे जुळवून काढलेली सरस्वती ह्या अंकाच्या बहुतेक वाचकांनी स्वतः काढिली असेलच.

तारुण्याचा देव मारुती. कोल्हापुरात तालीम म्हटली की तीत मारुती आलाच. लाल मातीत उतरण्यापूर्वी पठ्ठा त्याच्या पाया पडतो. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी जे अकरा मारुती स्थापिले, त्यांपैकी मनपाडळे व पारगाव येथील दोन आपल्याच हातकणंगले तालुक्यात आहेत, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ज्याचे बळ स्वतःसाठी नव्हे, तर दुसऱ्याच्या कामासाठी आहे असा तरुण, हा ह्या देवाचा अर्थ. लग्न झाले की घरी जागरण-गोंधळ होतो. खंडोबा, अंबाबाई, जोतिबा ह्यांस बोलावणे जाते. खंडोबाच्या म्हाळसा व बाणाई ह्या दोन बायकांची भांडणे वाघ्या-मुरळी ज्या रंगाने गातात, त्यावरून संसार म्हणजे काय ह्याची नवऱ्या मुलास आगाऊ सूचना मिळते.

ह्या सर्वांत आम्हांस अधिक जवळची वाटते ती भाद्रपदातील गौर. आमच्याकडे तेरड्याची रोपे पाणवठ्यावरून वाजतगाजत घरी आणितात, तीच गौर. ती देवी खरी, पण येते ती माहेरवाशीण होऊन. पहिल्या दिवशी तिला भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आणि तिसऱ्या दिवशी निरोप. सासरी गेलेल्या मुलीचे सारे वर्ष ह्या तीन दिवसांत बसविले आहे. तिची पाठवणी करिताना घरातील ज्या बाईचे डोळे भरून येतात, ती कोणासाठी रडते हे ओळखणे कठीण नाही.

परंतु येथेच ह्या ओळीत एक मोठे खिंडार आहे. गौरीची ओटी सुवासिनीने भरावयाची. ज्या स्त्रीचा नवरा वारला, तिने कोठे उभे राहावे? बाळाला देवता आहे, पहिलवानाला आहे, नवरीला आहे. विधवेच्या वाट्याला मात्र आमच्या गावगाड्याने देवघराचा कोपराही ठेविला नाही. तिचे कुंकू पुसावे, बांगड्या फोडाव्या, आणि कालपर्यंत जिच्यावाचून सण अडत होता तिला आज दाराआड बसवावे. ही प्रतीकांची गोष्ट नव्हे. जिवंत माणसाची आहे. आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे व जोडवी काढणे ह्या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांसही तसे करण्याचे आवाहन केले. ठराव झाला म्हणून चाल एका दिवसात जात नाही. तरी तो कोण्या दूरच्या शहरात न होता आपल्या पंचक्रोशीत झाला, ह्याचे आम्हांस समाधान वाटते.

अशा स्त्रीस पूर्वी एकच दार उघडे असे, ते पंढरीचे. वारीत कपाळी बुक्का लाविताना तुझा नवरा आहे का, असे कोणी विचारीत नाही. वृद्धपणाचा देव म्हणून आम्ही विठोबाचे नाव घेतो ते एवढ्याचसाठी नव्हे. ह्या देवाच्या हाती मारण्याचे शस्त्र नाही. कमरेवर हात ठेवून तो नुसता उभा आहे. इतर देव वयावयाला घरी येतात. ह्याच्याकडे म्हाताऱ्या माणसांनी चालत जावे आणि त्याने वाट पाहावी, असा करार दिसतो. तो उभा का राहिला, ह्याची कथाही वृद्धपणाचीच आहे. पुंडलिक आपल्या म्हाताऱ्या आईबापांचे पाय चेपीत असता देव दारी आला. पुंडलिक उठला नाही. हाताशी असलेली वीट त्याने मागे सारिली आणि सेवा आटोपेपर्यंत तीवर थांबावयास सांगितले. देव रागावला नाही, थांबला.

चंद्रभागेच्या वाळवंटात त्या पुंडलिकाचे देऊळ आहे. नदीत स्नान झाले की वारकरी आधी तेथे जातो, आणि मग विठोबाच्या दर्शनाच्या रांगेत लागतो.