पेटीतली नळी आणि डावा हात

वडिलांना तबल्याचा कान होता. सुतारकाकांकडून करवून घेतलेल्या पेटीत आठ इंची स्पीकर बसवून मी मोठ्या दिमाखात तबल्याची कॅसेट लावली, तेव्हा त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, ‘‘आवाज मोठा आहे रे, पण डग्गा कुठाय? नुसती ढुमढुम ऐकू येतेय.’’ खरंच होतं. मनगट दाबून काढलेली मींडसुद्धा एकाच स्वरात घुमत होती.

चूक भोकाची होती. बाजारातल्या पेट्यांना असतं म्हणून मीही पुढच्या फळीला १० सेंटिमीटरचं भोक पाडलं होतं. अंदाजपंचे!

हे भोक हवा खेळायला नसतं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती घुमते ना, तोच हा प्रकार. गळ्यातली हवा म्हणजे वजन, पोटातली हवा म्हणजे स्प्रिंग. दोघं मिळून एका ठरावीक स्वरात डोलतात. स्पीकरचा पडदा पुढे जसा आवाज काढतो तसा मागेही काढतो, पण उलटा. बंद पेटीत तो वाया जातो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरासने १९३० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तो त्याला नळीवाटे कामाला लावण्यासाठीच. नळीच्या स्वराला पडदा जवळजवळ स्थिर असतो, गात असते ती नळी.

आता हिशेब. पेटी ४० लिटरची, स्वर हवा सेकंदाला ४० कंपनांचा. नळी आतून ५ सेंटिमीटर रुंद घेतली तर लांबी साडेपाच सेंटिमीटर पुरते. साडेसात घेतली तर १५ आणि १० घेतली तर तब्बल २९! अरुंद नळी बसवायला सोपी, पण मोठ्या आवाजात तिच्यातून हवा फसफसते. रुंद नळी पेटीत मावायची पंचाईत. म्हणून मधली बरी. माझ्या भोकाला नळीच नव्हती, होती ती फळीची दोन सेंटिमीटर जाडी. त्यामुळे पेटी ७५ कंपनांच्या आसपास घुमत होती, नेमकी डग्ग्याच्या वाटेत.

पण चाळीसच का? ते स्पीकर ठरवतो. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी हे गणितात बसवलं. पडदा किती ताठ, चुंबक किती जोरकस, हे आकडे चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात असतात. पेटी आणि नळी त्यांवरून काढायची, सुताराच्या फळीवरून नव्हे. आणि नळीच्या स्वराखाली पडद्याला आधार उरत नाही. तिथे आवाज चढवला तर तो सैरावैरा हलतो, क्वचित फाटतोही.

मी भोक बुजवलं, नळाची पाइप थोडी लांबच कापली आणि ऐकत ऐकत तासून कमी केली. कॅसेट तीच. वडील डोळे मिटून बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘‘आता डावा हात दिसतोय.’’