स्पर्शास मज्जाव

अमेरिकन दूरचित्रवाणीने समलिंगी पुरुषास पडद्यावर बोलण्याची मुभा बऱ्याच आधी दिली. मात्र ज्याच्यावर जीव जडला त्याला जवळ घेण्यास तिने जो मज्जाव केला, तो उठावयास त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

१९६७ च्या मार्चमध्ये सी.बी.एस. वाहिनीने माइक वॉलेस यांच्या निवेदनासह समलैंगिकतेवर जो वृत्तपट दाखविला, त्यात एक गृहस्थ कुंडीतल्या झाडाच्या पानांआड चेहरा दडवून, एखाद्या फरारी असामीप्रमाणे, जबानी देताना दिसतो. समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते जॅक निकोल्स मात्र उघड्या चेहऱ्याने बोलले. नाव बदललेले होते, तरी दुसऱ्याच दिवशी ते नोकरीस मुकले. पुढे १९७२ साली 'दॅट सर्टन समर' या दूरचित्रपटात सुट्टीत भेटीस आलेला मुलगा, घटस्फोटित बाप आणि बापाचा सोबती यांची कथा सहानुभूतीने मांडली गेली खरी. परंतु निवड आपल्या हाती असती तर आपण हे पत्करले नसते, अशा आशयाची कबुली बापाच्या तोंडी घातल्यावाचून ए.बी.सी. वाहिनीचे समाधान झाले नाही. १९८५ च्या 'ॲन अर्ली फ्रॉस्ट'मध्ये एड्सग्रस्त नातवाचा मुका आजी घेते. त्याच्या सोबत्यास तेवढे स्वातंत्र्य नव्हते.

१९८९ साली 'थर्टीसमथिंग' मालिकेत आलेला प्रसंग तर मासला म्हणून जपून ठेवावा असा आहे. एकाच शय्येवर दोन पुरुष, रात्र एकत्र घालविलेले, एड्सने नेलेल्या मित्रांविषयी बोलत आहेत. आणि नटांना दंडक असा की, अंगास अंग लागता कामा नये! इतक्या सोवळ्यातल्या दृश्यावरही जाहिरातदार बिथरले, दहा लाख डॉलरांहून अधिक उत्पन्नावर पाणी सोडावे लागले, आणि ए.बी.सी. वाहिनीने उन्हाळ्यातील पुनःप्रक्षेपणातून तो भाग निमूटपणे वगळला. सरकारी फर्मान कोणतेही निघाले नव्हते. जाहिरातदाराची खप्पा मर्जी हाच तिथला कायदा होता, आणि त्याविरुद्ध अपील करण्यास कचेरी नव्हती.

३० एप्रिल १९९७ रोजी 'एलन' या मालिकेत एलन डीजेनरिस यांच्या नायिकेने विमानतळावरील ध्वनिक्षेपक चालू असल्याचे भान न राहून आपण समलिंगी असल्याचे गुपित साऱ्या प्रवाशांना ऐकविले, तेव्हा चार कोटींहून अधिक प्रेक्षक ते पाहत होते. अलाबामातील बर्मिंगहॅमच्या स्थानिक केंद्राने तो भाग दाखविण्याचे नाकारले, म्हणून तेथील लोकांनी सभागृह भाड्याने घेऊन तो उपग्रहाद्वारे पाहिला. वर्षभरात मालिका बंद पडली.

२००० च्या फेब्रुवारीत 'विल अँड ग्रेस'ने या भित्रेपणाची यथेच्छ थट्टा केली: वाहिनीने चुंबन दाखविण्याचे टाळले म्हणून तक्रार घेऊन गेलेला विल अखेर चालू प्रक्षेपणात जॅकचेच चुंबन घेतो. पण ते दोघे पडले मित्र, तेव्हा विनोदाच्या पदराआड ते खपून गेले. खऱ्या अनुरागाचे चुंबन त्याच वर्षी मे महिन्यात 'डॉसन्स क्रीक'मध्ये दिसले, तेही लेखक ग्रेग बर्लांटी यांनी राजीनाम्याची धमकी दिल्यानंतर.