कोयता निघायच्या आधी

वाशी तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. दिवाळीची सुट्टी संपलीय. तिसरीच्या फळ्यावर ५२ उणे १७. अर्ध्या वर्गाचे हात वर आहेत, पण बाई कुणालाच उठवत नाहीत. त्या खिडकीजवळच्या चाकांच्या खुर्चीतल्या पोराकडे बघताहेत. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. हात हवा तसा वळत नाही, शब्द फुटायला वेळ लागतो. शेजारचा पोरगा त्याच्यापुढे तीन चिठ्ठ्या मांडतो: ४५, ३५, २५. कोपर हलतं, भलतीकडे जातं, परत येतं आणि ३५वर टेकतं. बाईंच्या आधी वर्गच ओरडतो, "बरोबर!"

त्याच्या पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीय, मुठीत नीट बसावी म्हणून. ही करामत विशेष शिक्षिकेची. त्या आज इथं आहेत, उद्या दुसऱ्या गावात. २०१६च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. २०२४ मध्ये राज्यानं विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली, केंद्रामागे एक. नुसत्या कंत्राटावर चालायचं त्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण एका केंद्रात दहा-बारा शाळा, म्हणजे या पोराच्या वाट्याला त्या येऊन येऊन किती येणार?

शाळेला रॅम्प आहे, कठडाही आहे. स्वच्छतागृहाचं दार मात्र खुर्चीपेक्षा अरुंद. बांधणाऱ्यानं खुर्ची कधी पाहिलीच नसावी.

जेवणाच्या सुट्टीत आई आणि आजी येतात. ऊसतोडीसाठी आईबापाच्या जोडीनं, म्हणजे एका कोयत्यानं, मुकादमाची उचल घेतलेली आहे; चार दिवसांत ट्रॅक्टर येईल. बाई हंगामी वसतिगृहाचं सांगतात. नावात वसतिगृह असलं, तरी इथली पोरं शाळेत जेवतात आणि रात्री आजी-आजोबांकडे झोपतात. आईबाप फडात असले तरी कितीतरी जणांची शाळा त्यामुळं टिकलीय. योजना चांगलीच आहे; फक्त पोरगं आपल्या पायानं परसाकडं जातं, हे तिनं गृहीत धरलंय.

"दोन घास मी भरवीन की," आजी म्हणते. "पर उचलून कोन न्हेनार? माझं गुडघं गेल्यात."

"ठिवून जाऊ वाटत न्हाई, न्हेऊ बी वाटत न्हाई," आई म्हणते.

विशेष शिक्षिका वाद घालत नाहीत. त्या शिक्षण हमी कार्ड भरायला घेतात. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. कार्डाला एक वेगळा कागद टाचतात. त्यावर लिहितात: याला वजाबाकी येते. उत्तराच्या चिठ्ठ्या पुढं ठेवा. कोपर टेकेपर्यंत थांबा, मधेच उत्तर सांगू नका.

"कारखाना कुठला?"

"मुकादमालाच ठावं."

"आणि कोपीपासून शाळा किती लांब पडंल?"

"तिथं गेल्यावरच कळंल, मॅडम. ह्याला कडंवर घेऊन शाळंत गेले, तर माझा अर्धा कोयता कोन मारनार?"