घर मिळवून देणाऱ्याने खचून चालत नाही

इस्टेट एजंटचा धंदा बाहेरून सोपा वाटतो. दोन माणसांची गाठ घालून द्यायची आणि दलाली घ्यायची, एवढेच लोकांना दिसते. प्रत्यक्षात हा नकार पचवण्याचा धंदा आहे. दहा जागा दाखवाव्या तेव्हा एक सौदा होतो आणि झालेल्या सौद्याची दलाली हाती पडेपर्यंत चपला झिजतात.

मुस्लिम एजंटच्या वाट्याला त्यावर आणखी एक नकार येतो. जागा पसंत पडते, भाडे ठरते, अनामत रकमेची बोलणी होतात आणि मग गिऱ्हाईकाचे नाव विचारले जाते. नाव ऐकताच "जागा कालच गेली" असे उत्तर मिळते. हे पुन्हा पुन्हा घडले की एजंटचे मन विटते. काही जण अशी गिऱ्हाइके घेणेच सोडतात, काही जण नशिबाला बोल लावून गप्प बसतात. या धंद्यात उमेद टिकवायची कशी, हा प्रश्न केवळ मनाच्या समाधानाचा नाही. तो रोजीचा आहे आणि त्या गिऱ्हाईकाच्या कुटुंबाच्या निवाऱ्याचाही आहे.

दलालापासून व्यापारी

हज. कैस बिन अबी गरजा (रजि.) यांची एक हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी या संग्रहांत आली आहे. मदीनेच्या बाजारातील लोकांना त्या काळी 'समासिरा' म्हणजे दलाल म्हणत. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्याजवळून गेले आणि त्यांनी त्यांना त्याहून चांगल्या नावाने, 'व्यापारी' म्हणून हाक मारली. खरेदी-विक्रीत निरर्थक बोलणे आणि शपथा येतात, म्हणून तिच्यात दानधर्म मिसळत जा, अशी शिकवणही दिली.

यातून दोन गोष्टी समजतात. मध्यस्थाचा धंदा कमीपणाचा नाही आणि तो निर्मळ ठेवण्याची जबाबदारी मध्यस्थावरच आहे. ज्याला आपल्या धंद्याची इज्जत वाटते, तोच त्या धंद्यातील अन्यायाविरुद्ध बोलू शकतो.

सेंट लुईसच्या एजंटची गोष्ट

याच धंद्यातील माणसांनी दुसऱ्या एका देशात हा नकार कसा मोडून काढला, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात एका रस्त्यावरील घरमालकांनी १९११ मध्ये आपसांत करार केला होता की, येथील घरे कृष्णवर्णीयांना आणि आशियाई वंशाच्या लोकांना वापरू द्यायची नाहीत. १९४५ मध्ये शेली या कृष्णवर्णीय कुटुंबाने तेथे घर घेतले. त्याच रस्त्यावर मालमत्ता असलेल्या क्रेमर कुटुंबाने त्यांना बाहेर काढण्यासाठी दावा लावला.

शेली कुटुंबाच्या बाजूने उभे राहिलेल्यांत जेम्स बुश नावाचा कृष्णवर्णीय इस्टेट एजंट होता. सौदा झाला, दलाली मिळाली, आता माझा संबंध संपला, असे त्याने म्हटले नाही. त्याने आपल्यासारख्या एजंटांची संघटना उभी केली आणि खटल्यासाठी पैसा जमवला. खालच्या न्यायालयात शेलींचा विजय झाला. पण १९४६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. तेथेच हात टेकले असते तर सारे संपले असते. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३ मे १९४८ रोजी निर्णय लागला की, असे करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत.

दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. त्या देशातील एजंटांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने १९२४ च्या आपल्या आचारसंहितेत असे कलम घातले होते की, ज्यांच्या येण्याने वस्तीतील घरांच्या किमती उतरतील अशा वंशाच्या लोकांना एजंटाने तेथे आणू नये. कृष्णवर्णीय एजंटांनी १९४७ मध्ये टँपा शहरात स्वतःची राष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि घराच्या बाबतीत लोकशाही हे आपले ब्रीद ठरवले. एप्रिल १९६८ मध्ये घराच्या व्यवहारात वंश, रंग, धर्म आणि मूळ देश यांवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा झाला. मोठ्या संघटनेने या कायद्याला विरोध केला होता. तिच्या अध्यक्षांनी २०२० मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

एजंटांची संघटित ताकद दरवाजे बंद करू शकते आणि उघडूही शकते, हे या इतिहासावरून दिसते.

आपल्याकडे कायदा कोठवर येतो

आपल्या राज्यघटनेचे कलम १५ शासनाला धर्मावरून भेदभाव करण्यास मनाई करते. परंतु खासगी घरमालकाने धर्मावरून घर नाकारले तर त्याला रोखणारा स्वतंत्र कायदा देशात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा नियम ग्राह्य धरला. मुसलमानांना घर विकत किंवा भाड्याने घेताना येणाऱ्या अडचणींची नोंद सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात आहे. त्यानंतर समान संधी आयोगाची शिफारस झाली, पण तो कायदा झाला नाही.

तरीही हातात काहीच नाही असे नाही. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानुसार पुरेसे कारण असल्याशिवाय सोसायटीला सभासदत्व नाकारता येत नाही. अर्जावरील निर्णय तीन महिन्यांत कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. नकार मिळाल्यास निबंधकाकडे अपील करता येते. अर्ज लेखी दिला आणि पोच घेतली, तरच या तरतुदीचा उपयोग होतो. तोंडी विचारून तोंडी नकार घेऊन परतणाऱ्याला कोणताही कायदा मदत करू शकत नाही.

आवाज कसा उठवावा

सरकारदरबारी बोलायचे तर आधी आपले कागद नीट हवेत. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातील घरांचे व्यवहार करणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे. जानेवारी २०२३ च्या महारेराच्या आदेशाने प्रशिक्षण आणि परीक्षाही आवश्यक झाली. बिननोंदणीच्या एजंटाला दिवसाला १० हजार रुपये दंड होऊ शकतो. अनेकांना हा जाच वाटतो. पण नोंदणी म्हणजे शासनाने दिलेली ओळख आहे. निवेदनाखाली नोंदणी क्रमांकासह सह्या असल्या की त्याचे वजन वाढते.

दुसरे म्हणजे, नकारांची नोंदवही ठेवावी. तारीख, विभाग, जागेचा प्रकार आणि दिलेले कारण एवढे लिहिले तरी पुरे. आमदारासमोर "आमच्यावर फार अन्याय होतो" असे म्हणण्यापेक्षा वीस एजंटांच्या वर्षभराच्या नोंदी ठेवणे अधिक परिणामकारक ठरते. मागणी एकच आणि नेमकी असावी : घराच्या विक्रीत आणि भाड्यात धर्म किंवा जात पाहून नकार देण्यास मनाई करणारा कायदा व्हावा.

तिसरे, ही लढाई एकट्याची समजू नये. दलित बांधव, मांसाहारी कुटुंबे, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया यांनाही असेच नकार मिळतात. त्यांच्यासाठी धावणाऱ्या हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती एजंटांना सोबत घ्यावे. संघटनेवर एका पक्षाचा शिक्का बसू देऊ नये. सर्व पक्षांच्या लोकप्रतिनिधींना भेटावे.

आपले हात स्वच्छ हवेत

दुसऱ्याच्या अडचणीवर कमाई करण्याचा मोह या धंद्यात मोठा आहे. बाहेर घर मिळत नाही म्हणून आपल्याच वस्तीत जादा भाव लावणारे, अनधिकृत इमारतीतील खोली "कागद होऊन जातील" असे सांगून गळ्यात मारणारे एजंट आपल्यातही आहेत. मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे ४ एप्रिल २०१३ रोजी अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला. बांधकाम परवानगी न पाहता घर दाखवणारा एजंट माणसांच्या जिवाशी खेळतो. अशा माणसाच्या तोंडी न्यायाची भाषा शोभत नाही.

उमेद म्हणजे काय

कुरआनात हज. याकूब (अलै.) आपल्या मुलांना जे सांगतात ते या संदर्भात आठवण्यासारखे आहे. अल्लाहच्या कृपेपासून निराश होऊ नका, असे ते सांगतात; पण त्याआधी ते मुलांना यूसुफ आणि त्याच्या भावाचा शोध घ्यायला जा असे म्हणतात. म्हणजे शोध आणि आशा एकत्र आल्या आहेत. घरी बसून सारे ठीक होईल म्हणणे ही आशा नव्हे.

सेंट लुईसच्या एजंटाला तीन वर्षे लागली, देशाच्या कायद्याला त्यानंतर आणखी वीस. आपल्यालाही वेळ लागेल. आज नाव ऐकून जागा नाकारली गेली तर ते वहीत लिहावे, महिन्याच्या बैठकीत मांडावे आणि त्याच गिऱ्हाईकाला उद्या दुसरी जागा दाखवायला निघावे. रोजी देणारा अल्लाह आहे. चालणे आपल्या हाती आहे.